डाव्या गालाचं भूत

शंकरआप्पा कासार माणसाच्या तोंडाशी बोलत नसत, मनगटाशी बोलत.

आमच्या ह्यांची सोनईच्या शाळेत बदली झाली आणि आम्ही तिथं बिऱ्हाड केलं, तेव्हाची गोष्ट. लढाई चालू होती. रॉकेलपासून काडेपेटीपर्यंत सगळ्याची बोंब. शेजारच्याच ओट्यावर आप्पांचं बांगड्यांचं दुकान होतं. मी पहिल्यांदा बांगड्या भरायला गेले, तर हे गृहस्थ माझा हात हातात घेऊन, मान खाली घालून हातालाच विचारतात, “कुठलं म्हनायचं गाव?” मला वाटलं, मागं दुसरं कोणी उभं आहे. मी आपली वळून बघतेय!

“तुमालाच इचारतोय,” आप्पा माझ्या मनगटाला म्हणाले. “पुण्याकडलं दिसतंय. धुन्याभांड्याची सवय न्हाई ह्येला.”

आता हे खरं असलं म्हणून काय तोंडावर सांगायचं? पण तोंडावर कुठं, मनगटावरच सांगितलं होतं. बायामाणसांच्या तोंडाकडं बघायचं नाही, असा त्यांचा धंद्याचा रिवाज होता, आणि तो इतका अंगात मुरला होता की गावातल्या निम्म्या बायकांना ते रस्त्यात ओळखत नसत. हात पुढं आला की मात्र, “काय रखमाबाई, म्हायेराहून कवा आलात?”

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे “हात सैल सोडा.” बांगडी भरताना ते म्हणणं ठीकच आहे. पण नगरहून येणारी सर्व्हिस मोटार चढावर अडली आणि ड्रायव्हर क्लीनरच्या नावानं शिव्या मोजू लागला, तर आप्पा त्याला खिडकीतून म्हणणार, “हात सैल सोडा पाव्हनं.” तपासणीला आलेले साहेब आमच्या ह्यांच्यावर ओरडत होते, तेव्हाही शाळेच्या दारातून हेच. साहेब गार झाले ते झालेच. त्यांना बिचाऱ्यांना कळेना, कुठला हात आणि कोणी सोडायचा.

एके दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते हसतच. म्हणाले, “अगं, आपल्या शेजारी भूत राहतं. पारावर सगळे सांगत होते.”

माझा स्वभाव आधीच चौकस. सासूबाई म्हणायच्या, हिला देवानं नाक जरा लांबच दिलंय. मी ह्यांना चहासुद्धा दिला नाही. म्हटलं, आधी सांगा.

तर झालं होतं असं. आप्पा काही वर्षांपूर्वी घर सोडून कोल्हापूरकडं पळाले होते. नाटकाचा नाद. चार-पाच वर्षं त्यांचा पत्ता नव्हता. नाटक काही जमलं नाही, पण कुठल्याशा बुडत्या सिनेमा कंपनीत त्यांना भुताचं काम मिळालं. नटीचं मनगट पकडायचं होतं. आधीच्या दोन भुतांनी असं पकडलं की नटी रडत घरी गेली. मग कोणीतरी म्हणालं, हा कासार आहे, ह्याचा हात हलका असेल. अशा रीतीनं आप्पा भूत झाले.

कंपनीकडं पैशाचा खडखडाट. भुताचे दात मुळ्याचे कापलेले. ते दिव्यांच्या आचेनं मलूल व्हायचे आणि भूत दिवस मावळेपर्यंत बोळकं दिसायला लागायचं. केस अंबाडीचे. धूर पाहिजे म्हणून गोवऱ्या पेटवल्या, तर भूतच खोकू लागलं. पुन्हा फिल्म वाया घालवायची ऐपत नव्हती, म्हणून मालक म्हणाला, राहू द्या. त्या बोलपटाचं खरं नाव माझ्या लक्षात नाही. सोनईत सगळे त्याला ‘खोकणाऱ्या भुताचा शिनेमा’ म्हणत.

आणि गंमत अशी, की त्या खोकल्यालाच लोक जास्त भीत. गोष्ट साधीच होती. एक बाई ओसाड घरात एकटी सापडते. बाहेरून भूत तिच्या नवऱ्याच्या आवाजात हाका मारतं, “अगं, दार उघड, मी आलोय.” दार उघडलं तर मेली, नाही उघडलं तर वाचली. तिला आवाज ओळखीचा वाटतो, जीव तुटतो, ती कडीपर्यंत हात नेते, आणि तेवढ्यात बाहेरचा खोकतो. नवरा तर कधी खोकत नव्हता! अशी ती रात्रभर कडीशी झगडते. शेवटी खिडकीच्या गजातून भुताचा हात येतो आणि तिचं मनगट धरतो. पुढं कोंबडा आरवतो नि ती वाचते. पण मनगट धरलं की सिनेमाच्या तंबूत रडारड ठरलेली.

आता नवल ऐका. आप्पाच ते भूत, ह्याविषयी गावातल्या पुरुषांना काडीची शंका नव्हती. आणि आप्पा ते भूत नव्हेत, ह्याविषयी गावातल्या बायकांना काडीची शंका नव्हती.

कारण काय, तर तंबूची रीत. पडदा तंबूच्या मधोमध. मशीनच्या बाजूला पुरुष आणि पडद्याच्या मागं बायका. पडद्यावर पाणी मारून तो ओला ठेवीत, म्हणजे चित्र मागंही उमटे. पण उमटे ते उलटं. आमच्या बाजूला सगळं जग डावखुरं. अक्षरंही उलटी, पण बाकीच्यांना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांचं काही अडत नसे, मीच एकटी मान वाकडी करून बसायची. आता आप्पांच्या डाव्या गालावर हरभऱ्याएवढी चामखीळ. पुरुषांना भुताच्या डाव्या गालावर ती दिसली, म्हणजे आप्पाच! बायकांना दिसली उजव्या गालावर. म्हणजे दुसराच कोणीतरी मेला. नवरे सांगून दमले. बायका म्हणत, आम्हाला डोळे नाहीत होय?

ह्यात आप्पांचं नुकसान काहीच नव्हतं, उलट फायदाच. भुताच्या हातात हात कोण देणार? बायकांचा समज होता तोवर दुकान सुखरूप होतं.

नुकसान घरात होतं.

आप्पांची बायको, गोदाकाकू, म्हणजे अंगणात साप निघाला तर चिमट्यानं उचलून बाहेर टाकणारी बाई. नवरा परागंदा असताना एकटीनं घर राखलं, दुकान राखलं, एका दारुड्याला मुसळानं पळवलं. पण आप्पा परत आले, पाठोपाठ तो सिनेमा गावात आला आणि बाई बदलली. नवऱ्याच्या आवाजात आलेला हा कोण, अशी धास्तीच तिनं घेतली. रात्री कंदील विझवायला देईना. रॉकेलच्या त्या दिवसांत सकाळपर्यंत कंदील! आप्पा परसातून आले आणि “दार उघड” म्हणाले, की आतून चिडीचूप. मग त्यांनी ओट्यावर बसून राहायचं. कधी थंडीनं खोकला आला, की संपलंच. दिवसा दुकानात ते पेंगत, ते मला आधी आळस वाटे. खरं म्हणजे ती जागी म्हणून आप्पाही जागे राहत, कंदिलाच्या पलीकडं, तिच्यापासून लांब, तिला दिसतील असे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचे हात. कासाराची बायको, आणि अहेवपणापुरती एकेक जुनी काच! आप्पांना ती हातच लावू देत नव्हती. बायका दुकानात मुद्दाम तिच्यासमोर म्हणत, “आप्पांच्या घरात बांगड्यांचा दुष्काळ पडलाय का गं?” आप्पा ऐकत आणि पुढच्या बाईचा हात भरत. तेव्हा मात्र त्यांना मनगटाशीही बोलायला जमत नसे.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ह्यात काय मोठंसं, आरसा दाखवला की झालं. आमच्या ट्रंकेतला आरसा घेऊन मी गेले. काकूंना समोर बसवलं. म्हटलं, “हे बघा काकू, आरशात सगळं उलटं दिसतं. पडद्यामागं तसंच.” आणि आप्पांना त्यांच्या मागं उभं केलं.

काकूंनी आरशात बघितलं. चामखीळ उजव्या गालावर. अशी किंकाळी फोडली की पारावरची माणसं धावून आली.

“तोच हाय! घरात शिरलाय!”

कपाळाला हात लावायची पाळी माझी. एक भूत तंबूत होतं, ते मी आरशात आणून बसवलं. त्या दिवसापासून त्यांच्या घरात आरसा बंद. आप्पा दाढी अंदाजानं करू लागले. बाजाराच्या दिवशी त्यांची हनुवटी बघवत नसे, जागोजागी तुरटी.

पुढच्या उन्हाळ्यात बाजारतळावर चांदभाईंचा तंबू पुन्हा उभा राहिला. चांदभाई म्हणजे नगरचे, तोंडात सदा पान, स्वभावानं दिलदार. त्यांच्याकडं तीच जुनी फिल्म होती. कळल्याबरोबर आप्पा माझ्या मनगटाला म्हणाले, “मास्तरीणबाई, ह्या वक्ताला हिला पुढच्या बाजूनं दावतो.”

“अहो, पुरुषांत कशी बसेल ती?”

“ती न्हाई बसायची. पुरुष उठत्याल.”

“आणि मग सगळ्याच बायका तुम्हाला ओळखतील त्याचं काय? उद्या कोण हात देईल तुमच्या हातात?”

आप्पांनी माझ्या हातातली बांगडी उगाच फिरवली. “सगळ्या गावाचे हात भरतो मी. घरातले दोन मोकळे. ह्यो धंदा काय कामाचा, तुमीच सांगा.” त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

पुरुषांना उठवायची त्यांची युक्ती ऐकाल तर हसाल. त्यांनी पारावर नुसतं एवढंच सोडून दिलं, की पुढून आपलं भुताचं तोंड दिसतं, पण मागच्या बाजूनं भुताची पाठ दिसते.

“पाठीत काय हाय?” कोणीतरी विचारलं.

“त्ये सांगन्याजोगं न्हाई,” आप्पा म्हणाले. “मला कंपनीनं शपथ घातलीया.”

झालं. ज्याला त्याला ती पाठ हवी. आता एवढी वर्षं ज्यांच्या बायका मागं बसत होत्या, त्यांनी घरी एकदा विचारलं असतं तर उलगडा झाला असता. पण बायकोला विचारणार कोण! आमचे हे, शिकलेसवरलेले, मला म्हणतात, “प्रकाशाचं काही सांगता येत नाही.” मी पदर तोंडात कोंबला.

दिवेलागणीनंतरचा पहिला खेळ. पुरुषांनी पडद्यामागं ही गर्दी केली. बायका नेहमीच्या वाटेनं आल्या, तर जागा भरलेली. चांदभाईंना सगळं ठाऊक होतं. ते पान सावरत म्हणाले, “मायबहिनींनो, आज तुमी पुढं बसा. मशीनवाल्याला मी सांगतो, त्यो मान वर करनार न्हाई.” चुळबुळ झाली, पण पुढं सतरंजी होती, वारा होता. बसल्या. काकूंना मी अक्षरशः ओढत आणलं होतं. माझा दंड त्यांनी असा धरला होता की दोन दिवस वळ होते.

खेळ सुरू झाला. सोनईत मी पहिल्यांदाच सिनेमातली अक्षरं सरळ वाचली; वाचण्यासारखं काही नव्हतं म्हणा. बाई ओसाड घरात सापडली. ती भिंतीला टेकली तर भिंत हलली, पण कोणी हसलं नाही. बाहेरून हाक आली, “अगं, दार उघड, मी आलोय.” काकूंनी डोळे गच्च मिटले.

“काकू, उघडा डोळे.”

“न्हाई.”

“चामखीळ बघा नुसती. कोणत्या गालावर आहे बघा.”

त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. पडद्यावर अंबाडीच्या केसांचं, मुळ्याच्या दातांचं तोंड, आणि डाव्या गालावर चामखीळ. बायकांत खळबळ झाली. “अगं बाई, हे तर...” “आप्पाच की!” आप्पांचं दुकान गेलं, असं मला तिथंच वाटलं.

पडद्यामागून पुरुषांचा आरडाओरडा चालू होता. “आप्पा, पाठ कुठाय?”

“खोकल्यावर दिसंल,” आप्पांचा आवाज. “दम धरा.”

भूत खोकलं. पाठ दिसली नाही. आणि गजातून तो हात आत आला. सगळ्या बायकांनी आपापली मनगटं पदराखाली घेतली. भुतानं नटीचं मनगट धरलं. अंगठा तळव्यात, चार बोटं पंजाच्या पाठीवर, हाडं हलकेच जवळ आणून, दाबून, जरा वळवून.

काकू एकदम गुडघ्यांवर उठल्या. सगळा तंबू ऐकेल एवढ्यानं म्हणाल्या, “अगं बया! ह्यो तर बांगड्या भरतोय!”

आणि जी हसण्याची लाट उठली! ज्या ज्या बाईनं आप्पांच्या हातात कधी हात दिला होता, तिला तिला दिसलं. पडद्यावर नटी ऊर बडवून किंचाळतेय, भूत डोळे गरगरा फिरवतंय, आणि हात मात्र बिचारा अंगवळणी पडलेलं काम करतोय. “आता हिरवी भर म्हनावं!” “मापाची हाय का बघ!” बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मागं बसलेल्या पुरुषांना काही कळेना. हे नंतर म्हणाले, “आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो आणि तुम्ही हसत काय होता?”

काकूही हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुकानात ही झुंबड. नवीन बांगड्यांची गरज असो नसो, ‘भुताच्या हातानं’ भरून घ्यायच्या म्हणून बायका आल्या. दुकान जायचं तर राहिलंच, वाढलं. आप्पा मान खाली घालून हात भरत होते. पण मधून मधून आतल्या दाराकडं त्यांची नजर जात होती. काकू काही बाहेर आल्या नाहीत. रात्री कंदील विझला होता, हे आप्पांनीच मला सांगितलं. काकूंचे हात मात्र अजून तसेच होते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी गेले. मला उगाच राग आला होता, एवढा खटाटोप केल्यावर! मी आत जाऊन म्हटलं, “काकू, आता काय राहिलं? भूत तर तुम्हीच हसून घालवलंत. चला, हात भरून घ्या.”

“भूत गेलं,” काकू म्हणाल्या. त्या गहू निवडत होत्या. “भुताचं काय एवढं. मी चार वर्सं ह्या घरात एकली ऱ्हायले, मला भूत काय करनार?”

“मग?”

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाल्या, “ह्ये पळून गेले ना, त्येच्या आदल्या सांच्याला माझा हात भरला हुता ह्यांनी. कोपरापतुर. हिरव्यागार. मी म्हनलं, आज काय सण हाय का? तर हसले. सकाळी बगते तर मानूस न्हाई. त्या बांगड्या एकेक करून वाढवल्या, हात मोकळे झाले, पर ह्ये आले न्हाईत. आता पुन्यांदा हात भरून घ्यायचं भ्या वाटतंय मला, बाई. त्यातून त्यो शिनेमा बघितला. दाराभायेरून नवऱ्याचा आवाज येतो, आन नवरा नसतोच. मला वाटलं, माझं बी तसंच झालंय. आवाज आलाय नुसता.”

दारात आप्पा उभे होते. हातात काही नव्हतं. किती वेळ उभे होते कोण जाणे.

“मग सांगायचं न्हाई व्हय मला?” ते म्हणाले. “वरीसभर मी तुला चामखीळ दावतोय.”

“तुमी इचारलंत कवा?” काकूंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांना रडू आवरत नव्हतं, आणि रागही. “सारखं आपलं, त्यो मीच हाय, त्यो मीच हाय. त्ये पटलं काल. पर पुन्यांदा जानार न्हाई, ह्ये कवा सांगितलंत?”

आप्पा तिथंच उंबऱ्यावर बसले. भुताचं काम कसं मिळालं, दात कसे मुळ्याचे होते, हे त्यांनी साऱ्या गावाला शंभरदा सांगितलं असेल. एवढं एकच मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी भिंतीकडं बघत उभी राहिले. निघून जायला हवं होतं, पण गेले नाही.

“न्हाई जानार,” शेवटी ते म्हणाले. “कुटंच न्हाई जानार, गोदे.”

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. उठल्या, दुकानात गेल्या आणि हिरव्या बांगड्यांची माळ स्वतःच खुंटीवरून काढून आणली. त्यांच्यासमोर बसल्या आणि आधी डावा हात पुढं केला. आप्पांच्या हातून पहिली बांगडी फुटली, दुसरीही फुटली. काकूंनी काचा गोळा केल्या आणि उजवा हातही पुढं केला.